बिल नसलेलं पाकीट

*ताई, स.न.वि.वि.*

*चोपडा तालुक्यातल्या एका गावात माझं कृषी केंद्र आहे. वय एकतीस. बीएस्सी ॲग्री झालो, दोन वर्षं स्पर्धा परीक्षेत घालवली आणि 2022 साली बँकेची सीसी, म्हणजे धंद्याच्या भांडवलाचं कर्ज, काढून दुकान टाकलं. तालुक्यातलं सगळ्यात मोठं कृषी केंद्र आपलं असावं, ही इच्छा तेव्हाही होती आणि आजही आहे. आप्पांची सात एकर जमीन, त्यात केळी आणि कापूस. घरात आई-आप्पा, बायको, चार वर्षांची मुलगी.*

*गेले दोन हंगाम उधारी अडकली. आठेक लाख गावात पडून आहेत. मागच्या दिवाळीला कंपनीचं पेमेंट थकलं तेव्हा एकाकडून दोन लाख शेकडा तीनने उचलले. घरी कुणाला सांगितलेलं नाही.*

*माझा मामेभाऊ गुजरातेतून तणनाशक मारलं तरी न मरणाऱ्या कापसाचं बियाणं आणतो. त्याचं म्हणणं, पाकिटामागे अडीचशे सुटतील, आगाऊ पैसे नकोत, माल रात्री दुकानावर पोचेल. आजूबाजूच्या गावांत लोक विकतात. त्यातल्या एकाने यंदा चारचाकी घेतली. माझ्याकडेही रोज दोन-तीन शेतकरी येतात आणि हळूच विचारतात, ‘भाऊ, ते शे का?’, म्हणजे ते आहे का. तसंही युरियाच्या लिंकिंगमध्ये, म्हणजे गोणीबरोबर दुसरा माल खपवताना, शेतकऱ्याला नको ते आम्ही देतोच. मग इथेच एवढं सोवळं कशाला, असं मन म्हणतं.*

*रात्री तीनला जाग येते. मोबाईलवर कापसाचे भाव आणि पावसाचा अंदाज बघत पडून राहतो. कधी कधी दुकानातच झोपतो. कर्ज फिटेपर्यंत सगळी मौज बंद, असं ठरवलंय. हिवाळ्यात मित्रांच्या भरीत पार्ट्यांना गेलो नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बायकोने पुरणाचे मांडे आणि आमरस केला, तर ‘एवढा खर्च कोणी सांगितला’ म्हणून तिच्यावर ओरडलो आणि उपाशी झोपलो. मुलगी घाबरून रडली. मामेभावाला आठ दिवसांत उत्तर द्यायचंय. नाव छापू नये.*

*— एक कृषी केंद्रचालक*

भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात नजर पाकिटावर अडकली, दुसऱ्यात मांड्यांवर. पाकिटाचं उत्तर तुमच्याकडे आहेच. नसतं तर माल एव्हाना दुकानात उतरला असता आणि तुम्ही मला पत्र लिहीत बसला नसता. मांड्यांचं मात्र तुमच्या अजून लक्षात आलेलं दिसत नाही. म्हणून आधी पाकिटाचं उरकते.

तुमच्या मामेभावाची बाजू मी मांडते, कारण ती अगदीच पोकळ नाही. तो म्हणत असेल की या बियाण्याला सरकारची मान्यता नसली तरी आज ना उद्या ती मिळणारच. असं पूर्वी झालेलं आहे. 2001 साली गुजरातेत मान्यता नसलेलं बीटी, म्हणजे बोंडअळीला दाद न देणाऱ्या, कापसाचं वाण हजारो एकरांवर उभं सापडलं होतं, आणि 2002 च्या मार्चमध्ये केंद्राने बीटी कापसाला रीतसर मान्यता दिली. शेतकरी ते मागतात तेही हौस म्हणून नाही. तापीकाठच्या काळ्या जमिनीत जुलैत झड लागली की वाफसा होत नाही, कोळपं चालत नाही, निंदणीला बाया मिळत नाहीत, आणि तण पऱ्हाटीच्या डोक्यावरून जातं. ज्याच्या शेतात हे होतं त्याला कायदा शिकवायला मी जाणार नाही. तुम्हीही जाऊ नका.

पण एक फरक बघा. 10 जून 2019 ला अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी हेच बियाणं दिवसाढवळ्या, सगळ्यांना बोलावून पेरलं. आम्ही कायदा मोडतोय, काय करायचं ते करा, म्हणाले. गुन्हे दाखल झाले. त्यांचं चूक की बरोबर यावर लोकांनी पुष्कळ वाद घातला, माझ्या घरातही घातला गेला. पण ते नाव-गाव सांगून उभे होते. तुमच्या मामेभावाचा माल रात्री येणार आहे. हा फरक मला कायद्याच्या कलमांपेक्षा जास्त वाटतो.

आणि दुसरं, जे तुम्ही बीएस्सी ॲग्री असल्यामुळे माझ्यापेक्षा चांगलं जाणता. कंपनीच्या बीजी-2, म्हणजे मान्यता असलेल्या बीटी कापसाच्या, पाकिटाला 2025 च्या हंगामात सरकारने 901 रुपयांची कमाल किंमत ठरवून दिली होती. त्या पाकिटाबरोबर तुम्ही बिल देता, बिलावर लॉट नंबर असतो. ते उगवलं नाही तर शेतकरी पाकीट, टॅग आणि बिल घेऊन तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे जातो, पंचनामा होतो, ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं. पैसे मिळतात का, किती वर्षांनी मिळतात, ते सोडा. भांडायला कागद तरी असतो. रात्रीच्या पाकिटाबरोबर तुम्ही त्याला काय द्याल?

समजा त्या पाकिटात भलतंच साधं बियाणं निघालं. छापील पाकीट शिवायला काय लागतं! शेतकरी तुमच्या भरवशावर महिन्याभराच्या पिकावर तणनाशक मारणार. चार दिवसांनी तणाबरोबर पऱ्हाटीही पिवळी पडणार. तो कुठे जाणार? तक्रार केली तर आधी त्यालाच विचारतील की हे बियाणं आणलंस कुठून. तो तुमच्या ओट्यावर येऊन बसेल, काही बोलणार नाही, तुमच्याकडे बघत राहील. गावातलाच माणूस. त्याची पोरगी तुमच्या पोरीबरोबर अंगणवाडीत जाते. कृषी खात्याच्या भरारी पथकाची भीती मी तुम्हाला मुद्दाम घालत नाही. पथकाला चुकवता येतं, असं मामेभाऊ सांगेलच. त्या ओट्यावर बसलेल्या माणसाला कसं चुकवायचं, हे त्याला विचारून बघा.

आता हिशोब. तीस वर्षं बँकेत पीक कर्जाच्या टेबलावर काढली, म्हणून मला कुठलीही गोष्ट आधी आकड्यात दिसते, त्याला इलाज नाही. शेकडा तीन म्हणजे महिन्याला दोन लाखांवर सहा हजार, वर्षाला बहात्तर हजार. पाकिटामागे अडीचशे धरले तर नुसतं व्याज भागवायला दोनशे अठ्ठ्याऐंशी पाकिटं विकावी लागतील. मुद्दल आहे तिथेच. म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा कुणाच्या तरी हातात बिल नसलेलं पाकीट ठेवायचं, आणि सगळी कमाई नेऊन सावकाराच्या गल्ल्यात टाकायची. धोका तुमचा, नफा त्याचा. हा व्यवहार चुकीचा आहे म्हणून नको, असं क्षणभर बाजूला ठेवा. तो मूर्खपणाचाही आहे.

तुमची खरी अडचण हे दोन लाख आहेत. आठ लाखांची उधारी तुम्हाला टोचते, पण ती कापूस-केळी विकली गेली की थोडी थोडी सुटते. गावातली उधारी अशीच सुटत आलेली आहे. शेकडा तीन सुटत नाही. तेव्हा आज रात्री जेवण झालं की बायकोला हे दोन लाख सांगा. तिच्याकडे सोनं असेल. आपल्याकडे लग्नात जळगावचं सोनं घातल्याशिवाय पोरीला कोण पाठवतं? बँकेत सोनं तारण ठेवून कर्ज घेतलं तर व्याज वर्षाला नऊ-दहा टक्क्यांच्या घरात बसतं, म्हणजे बहात्तर हजारांचे वीस हजार होतात. पण ते सोनं तिचं आहे. ‘काढ’ म्हणू नका, विचारा. नाही म्हणाली तर तिचं बरोबर, आणि मग दुसरा मार्ग शोधू: सीसीच्या बँकेत जाऊन मॅनेजरला हप्ते पाडून मागायचे, दुकानातला पडून असलेला माल वितरकाला परत करायचा. थकण्याच्या आधी बँकेत जाणाऱ्याला मॅनेजर खुर्ची देतो, थकल्यानंतर नोटीस देतो. मी दोन्ही दिलेल्या आहेत.

लिंकिंगची ओळ तुम्ही पत्रात अशी घातली, जणू ती वाचणाऱ्याच्या लक्षात येणार नाही. आली. युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांची. ती हवी असेल तर वितरक तुमच्या गळ्यात सूक्ष्म अन्नद्रव्याच्या बाटल्या मारतो, आणि तुम्ही त्या शेतकऱ्याच्या. सुरुवात वरून झाली हे खरं, पण शेवटचा हात तुमचा असतो. इथे मी तुम्हाला एकदम धुतल्या तांदळासारखं व्हायला सांगणार नाही, कारण उद्या युरिया बंद झाला तर दुकान बंद. एवढंच करा: बाटली वेगळ्या ओळीत बिलावर लिहा आणि शेतकरी ‘नको’ म्हणाला तर ती मागे घ्या. महिन्याला अशा किती बाटल्या शेल्फवर राहिल्या, त्यात किती पैसे अडकले, ते वहीत मांडा. त्या आकड्यासह तालुक्यातल्या चार दुकानदारांनी मिळून कृषी अधिकाऱ्याला लेखी दिलं तर फार काही होईल असं मला वाटत नाही. पण तोंडी कुरकुरीपेक्षा थोडं जास्त होईल. आणि मुख्य म्हणजे ‘लिंकिंग करतोच, मग हेही करू’ हा जो जिना तुम्ही मनात बांधलाय, त्याची पहिली पायरी निघेल.

आता माझी गोष्ट सांगते, म्हणजे मी कुठल्या उंचीवरून बोलतेय असं तुम्हाला वाटायला नको.

वीसेक वर्षांपूर्वीचा एकतीस मार्च. ज्या शाखेत होते तिचं नाव सांगत नाही. मार्चअखेरचं ‘नवं-जुनं’ तुमच्या घरानेही केलं असेल: जुनं कर्ज भरलं असं कागदावर दाखवायचं आणि त्याच दिवशी नवं काढायचं. भरायला पैसे नसायचे, म्हणून शाखेच्या बाहेर लिंबाखाली एक माणूस पिशवी घेऊन उभा असायचा. तो एका दिवसासाठी पैसे द्यायचा आणि संध्याकाळी व्याजासकट परत घ्यायचा. आम्हाला सगळ्यांना तो दिसायचा. चहासुद्धा पाजायचो. त्या दिवशी साहेबांनी एक गठ्ठा पुढे सरकवला आणि पीक पाहणीच्या अहवालांवर सह्या करा म्हणाले. ती शेतं मी पाहिलेली नव्हती. रात्रीचे सव्वानऊ झाले होते. सकाळी घरून डबा आणलेला नव्हता, मुलगा तापाने फणफणलेला, शेवटची बस चुकलेली. मी सह्या केल्या.

त्यातला एक शेतकरी जूनमध्ये माझ्याकडे आला. जुनं व्याज, पिशवीवाल्याचं व्याज आणि वरखर्च वजा जाता नव्या कर्जातून बी-भरणासाठी त्याच्या हातात सतराशे रुपये राहिले होते. भांडला नाही. ‘ताई, सतराशेमा काय व्हस?’ एवढंच विचारलं आणि गेला.

मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले की साहेबांचा दबाव होता. दबाव रोजच असायचा. दुपारी बारा वाजता त्यांनी तोच गठ्ठा पुढे केला असता तर मी म्हटलं असतं, ‘साहेब, उद्या पाहणी करून देते.’ तसं मी इतर वेळा म्हटलेलंही आहे, आणि त्यांनी नाक मुरडून ऐकलेलं आहे. त्या रात्री मला भूक लागली होती आणि घरी जायचं होतं. नोकरीतल्या माझ्या तीन-चार सह्यांची मला लाज वाटते. आठवून बघितलं, तर त्या सगळ्या रात्री आठनंतरच्या आहेत आणि एकाही वेळी मी जेवलेली नव्हते. बाहेरून माणूस प्रामाणिक दिसो की लबाड, उपाशी आणि न झोपलेल्या माणसाकडून ‘नाही’ हा शब्द पटकन निघत नाही, एवढं मला त्यातून कळलं. पुढे मी मार्च महिन्यात दोन डबे न्यायला लागले. सहकारी हसायचे.

म्हणून मला तुमच्या मांड्यांची काळजी वाटते. तुम्ही भरीत पार्टी सोडली, झोप सोडली, आखाजीचं ताट सोडलं, आणि याला तुम्ही त्याग समजताय. आणि अशा अवस्थेत मामेभावाला उत्तर देणार? त्याला तुम्ही असेच हवे आहात. रात्री तीन वाजता भाव बघत पडलेला माणूस कशालाही हो म्हणतो.

शिवाय तुम्ही वाचवलं किती? हिवाळ्यातली भरीत पार्टी म्हणजे काय, मळ्यातली बामणोदची पांढरी-हिरवट वांगी, तुराट्यांवर भाजलेली, बडगीत ठेचलेली मिरची-लसूण, वर कच्च्या तेलाची धार, कांद्याची पात, केळीच्या पानावर वाढलेलं, कुणाच्या घरच्या पुऱ्या आणि कुणाच्या घरची कळण्याची भाकरी. डोक्यावर पन्नास रुपयेसुद्धा येत नाहीत. त्या पार्टीत तुम्हाला कळलं असतं की कुणाची केळी किती गेली, कोण अडचणीत आहे, कोण पैसे देऊ शकतो पण देत नाही. उधारी वसुलीचं निम्मं काम तिथे झालं असतं. (हे मी तुम्हाला दुकानदार म्हणून सांगितलं. माणूस म्हणून सांगायचं तर एवढंच की भरीत गरम असतं आणि बाजूला मित्र असतात.)

आणि आखाजी. बायकोने वर्षभरातून एकदा मांडे भाजायचं खापर चुलीवर चढवलं. हातावर मांडा फिरवत त्या खापराच्या धगीसमोर दोन तास उभं राहणं काय असतं, ते एकदा जवळ बसून बघा, तेही मेच्या तोंडावर, पारा चव्वेचाळीसला असताना. आपल्याकडे हा सण सासुरवाशिणींचा. बाकीच्या पोरी माहेरी झोके घेत गौराईची गाणी म्हणत होत्या, पितरांच्या घागरी भरल्या जात होत्या, पुरुष राजरोस पत्ते कुटत होते. ती तुमच्या घरी थांबून तुमच्यासाठी पुरण वाटत होती. तिला दोन लाखांचं माहीत नाही. तिला एवढंच दिसलं की नवरा सहा महिने हसलेला नाही, तर सणाला काहीतरी करू. डाळ, गूळ आणि आंबे मिळून किती झाले असतील? तुमच्या शेकडा तीनच्या दोन दिवसांचं व्याज. तुम्ही ओरडलात सावकारावर, आवाज ऐकला तिने.

आपल्याकडच्या माणसाला ही खोडच आहे. 2021-22 च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला, तेव्हा पुढच्या वर्षी लोकांनी वेचलेला कापूस विकलाच नाही. पुन्हा दहा हजार होतील म्हणून घराच्या खोल्या भरून ठेवला. तुमच्या गावातही असेल. माणसं ओट्यावर झोपत होती आणि आत कापूस झोपला होता. अंगाला खाज सुटली, पोरांच्या अंगावर पुरळ आलं, तरी ‘थांबू अजून’. शेवटी उन्हाळ्याच्या अखेरीला सात हजारांच्या आसपास देऊन टाकला. कापसाचं एक वेळ ठीक, तो भावाचा अंदाज होता, चुकला. तुम्ही तर सुख कोंडून ठेवलंय आणि कर्ज फिटायची वाट बघताय. चार वर्षांची मुलगी तोवर नऊ वर्षांची होईल.

तेव्हा काय करायचं ते सांगते, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद. या उन्हात कोणता शेतकरी येतो? घरी जेवा, फरशीवर ओला पंचा अंगावर घेऊन पडा. रात्री मोबाईल माजघरात चार्जिंगला लावायचा आणि तुम्ही गच्चीवर झोपायचं. भाव रात्री तीनला बदलत नाहीत, बाजार समिती तेव्हा झोपलेली असते. आईला कुरडया घालायच्या असतील तर त्या सकाळी मुलीला घेऊन बसा आणि वाटीभर गरम चीक खा. आठवड्यातून एकदा कुणाकडे तरी चहाला जा, जिथे तुमची उधारी नाही.

आणि एक गोष्ट सरळ विचारते, राग मानू नका. दुकानात का झोपता? तुमच्या दुकानात भिंतभर कीटकनाशकं आहेत, आणि तुम्हाला रात्री तीनला जाग येते. मनात तसलं काही येत असेल, एकदाही, तर आजपासून दुकानाची किल्ली रात्री आप्पांकडे द्या आणि 14416 ला फोन करा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलतात. तसलं काही नसेल तरी दुकानात झोपू नका. आणि झोप पंधरा दिवसांत रुळावर आली नाही तर डॉक्टरला दाखवा. पिकाला करपा पडला तर तुम्ही शेतकऱ्याला थांबू देता का?

राहता राहिली महत्त्वाकांक्षा. ती ठेवा. मला मोठं व्हायची इच्छा असलेली माणसं आवडतात. ‘आपल्याला काही नको’ म्हणणाऱ्यांनी मला बँकेत जास्त फसवलं. अमळनेरला 1945 साली वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, तिचं पुढे विप्रो झालं, हे तुम्हाला मी काय सांगायचं. त्या गावात ज्यांनी हुशारी करून शेअर वेळेत विकले ते आजही नोकरीच्या पेन्शनवर आहेत, आणि ज्यांच्या आज्यांनी ते कागद ट्रंकेत ठेवून दिले त्यांच्या नातवांचं भलं झालं. यातून काय बोध घ्यायचा ते मला तीस वर्षांत कळलेलं नाही. तुम्हाला कळला तर कळवा.

पण ‘तालुक्यातलं सगळ्यात मोठं’ म्हणजे नक्की काय? मोठा बोर्ड, की चारचाकी? तुमच्याकडे पदवी आहे, ती शेजारच्या चारचाकीवाल्याकडे बहुधा नसावी. ती वापरा. दुकानाबाहेर एक ओलं गोणपाट अंथरा. शेतकऱ्याने घरचं सोयाबीन आणलं की त्यातले शंभर दाणे मोजून त्यात गुंडाळा, वर त्याचं नाव आणि तारीख लिहा, आठवड्याने त्याच्यासमोर उलगडून मोजा. सत्तरच्या वर उगवले तर पेर म्हणा, खाली असतील तर बियाणं बदल किंवा जास्त टाक म्हणा. फुकट. रब्बीला हरभऱ्याचं तसंच. चिठ्ठीवर कुठलं औषध किती मिली ते स्वतःच्या अक्षरात लिहून द्या आणि खाली सही करा. दोन-तीन हंगामांत लोक म्हणायला लागतील की ‘त्याच्याकडे जा, तो मोजून देतो.’ दुकान एवढ्याने मोठं होईल अशी हमी मी देत नाही. पण तसं म्हटली जाणारी दुकानं आपल्या भागात किती आहेत, बोटावर मोजून बघा.

यंदाचा हंगाम मात्र जड जाणार, हे लपवत नाही. ‘ते शे का’ विचारणारे तुमच्याकडून उठून शेजारी जातील, आणि जाताना खतही तिथूनच घेतील. काही परत येणार नाहीत. मामेभाऊ रुसेल, मामीचा फोन येईल, घरच्या लग्नात कुणीतरी टोमणा मारेल. त्याला उत्तर देताना कारणं सांगत बसू नका. पथकाची भीती, परवाना, आप्पा नको म्हणाले, यातलं काहीही सांगितलंत तर तो प्रत्येक कारणावर तोडगा काढेल. तो हुशार माणूस आहे. दुपारी पोटभर जेवा, थोडं झोपा आणि मग फोन करा. ‘नही रे भाऊ, हाई मन्हं काम नही.’ एवढंच. मग त्याच्या पोरांची चौकशी करा. भाऊ आहे तो.

आणि ‘भाऊ, ते शे का’ म्हणून आलेल्याला प्रवचन नको. नाही म्हणा, माझ्याकडे बिलाशिवाय काही नाही म्हणा, आणि घेणारच असशील तर निदान सगळ्या रानात टाकू नकोस, तणनाशक मारायच्या आधी चार ओळींवर मारून बघ, एवढं सांगा. काही लोक म्हणतील की हे सांगणं म्हणजे चोरीला मदत. म्हणोत. तो तुमचा शेतकरी आहे, दुसऱ्याकडून बियाणं घेतलं म्हणून त्याचं पीक जळावं असं तर नाही ना?

फोन करायच्या आधीचं एक काम राहिलंय. आखाजी गेली, पण आंबे अजून आहेत. बायकोला ‘परत मांडे कर’ म्हणू नका, ती करेलही आणि तुम्ही पुन्हा नुसते खाल. रविवारी आदल्या रात्री हरभऱ्याची डाळ तुम्ही भिजत घाला, सकाळी तुम्ही शिजवा, पुरण तुम्ही वाटा. गूळ किती घालायचा ते तिला विचारा. खापर लावणं तुम्हाला जमायचं नाही, पहिला मांडा हातातच फाटेल. तो मुलीला द्या.